गिरणीच्या वाटेने कोण गेलं

"सायकल जरा मागे घ्या बाबा. दोन्ही चाकं दिसली पाहिजेत म्हणे. आणि वाटेच्या तोंडाचा तो दगडसुद्धा फोटोत आला पाहिजे," मुग्धा म्हणाली.

"आधी पाणी मिळेल का, ते विचार."

"विचारलं. आधी फोटो, मग पाणी."

मी सायकल मागे घेतली. समोर गुडघ्यापर्यंतचे पुरुषी गमबूट घातलेल्या, सत्तरीच्या, आखूड पांढऱ्या केसांच्या ओदीलबाई मोबाइल धरून उभ्या होत्या. त्यांच्याकडे दोन रात्रींसाठी खोली घेतली होती आणि आम्ही बेचाळीस किलोमीटर सायकल मारून त्यांच्या दारात आलो होतो. त्यांनी 'या, बसा' म्हटलं नाही. एक फोटो आमचा घेतला, एक नुसत्या चाकांचा आणि एक आम्ही आलो त्या वाटेवर उमटलेल्या टायरच्या ठशांचा. मग एप्रनच्या खिशातून चौकटीच्या कागदाची शिवलेली वही काढली आणि बोटाने रकाने दाखवले. नाव, गाव, तारीख, वेळ, कुठून कुठे गेलात, सही.

"हे कशासाठी?" मी विचारलं.

मुग्धाने फ्रेंचमध्ये विचारलं. बाईंनी मान हलवली आणि थोडंसंच बोलल्या.

"शनिवारी दुपारी बारानंतर सांगेन म्हणतात. आत्ता सांगितलं तर तुम्ही माझ्या सांगण्यावरून लिहिलंत असं होईल."

"मग सही करू नकोस."

"झाली की करून," मुग्धा म्हणाली आणि पेन माझ्या हातात दिलं.

तो गुरुवार होता. या गोष्टीला आता सात वर्षं झाली. त्या वहीतली माझी सही मी मराठीत केली होती आणि मुद्दाम नेहमीपेक्षा वेगळी केली होती, हे मला अजून लख्ख आठवतं.

माझा स्वभावच तसा. सांगलीत एकतीस वर्षं मी विम्याच्या दाव्यांची तपासणी केली. जळालेलं गोदाम खरंच जळालं की जाळलं, बुडालेली मोटार नदीत गेली की घातली, हे बघायचं काम. समोरचा माणूस खरं बोलतोय असं गृहीत धरलं असतं तर पहिल्या वर्षीच घरी बसलो असतो. आमची ही म्हणायची, "तुम्ही देवाच्या प्रसादाचीसुद्धा पावती मागाल." ती थट्टेने म्हणायची, पण मला त्याचा आतून अभिमान वाटायचा.

मुग्धा फ्रान्समध्ये शिकली आणि ल्यों शहरात औषधांच्या प्रयोगशाळेत चांगल्या नोकरीला होती. ती नोकरी सोडून तिने सायकलसहलींचं काढलं. आपल्याकडच्या हौशी लोकांना आणायचं आणि फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून ग्रॅव्हल सायकलवर फिरवायचं. ग्रॅव्हल म्हणजे खडी. डांबरी रस्ता टाळून खडीच्या, मातीच्या, रानातल्या वाटांनी जायचं. त्यासाठी वेगळी सायकल असते, हँडल शर्यतीच्या सायकलसारखं वाकलेलं आणि टायर मात्र जाड. आमच्याकडे असल्या रस्त्यांवरून आमदाराला शिव्या बसतात आणि इथे लोक त्यासाठी विमानाचं तिकीट काढून येतात. हिने मला बजावून पाठवलं होतं, "पोरगी काय करतेय ते डोळ्यांनी बघून या." मीही उभा जन्म सायकलवर काढलेला, त्यामुळे सत्तावन्नाव्या वर्षी चार दिवस तिच्याबरोबर निघालो.

मोर्व्हां नावाचा तो डोंगराळ मुलूख. कुंपणाच्या झुडपांमागे पांढऱ्याशुभ्र गाई, ओक आणि बीच या झाडांची रानं, मध्येच दहा-बारा घरांची गावं. मुग्धाने नकाशावर पाच दिवसांचा मार्ग आखला होता. जूनमध्ये पुण्या-सांगलीचे नऊ जण येणार होते. सगळा मार्ग जुळला होता, फक्त तिसऱ्या दिवसाचा प्रश्न होता. ओदीलबाईंच्या घराशेजारून जाणारी गिरणीची वाट होती. ती सात किलोमीटर रानातून, एका जुन्या पाणगिरणीवरून जायची आणि बंद पडलेल्या रेल्वेलाइनला मिळायची. ती मिळाली तर मार्ग पुरा होत होता. नाही मिळाली तर लाकडं वाहणाऱ्या ट्रकांच्या रस्त्याने अकरा किलोमीटर.

"त्या रस्त्यावर मी कुणाला नेणार नाही," मुग्धा म्हणाली होती. "ही वाट नसेल तर सहलच नाही. नवा मार्ग शोधायला वर्ष जाईल, आणि माझा इथे राहण्याचा परवाना पुढच्या मार्चमध्ये संपतो. धंदा उभा राहिलाय असं दाखवलं तरच वाढवून देतील."

हे सगळं डोक्यात असताना माझ्यासमोर ती वही आली होती.

संध्याकाळी बाईंनी सूप, चीज, सफरचंदाचा केक असं पोटभर जेवू घातलं. खोलीचं भाडं आधीच कमी होतं, त्यात जेवणाचे पैसे घ्यायला तयार नाहीत. माझ्या मनात पाल चुकचुकली. कुणी फुकट जेवू घालायला लागलं की मी खिसा चाचपतो.

"बाबा, चांगली माणसं असतात हो जगात."

"असतात. ती सह्या घेत नाहीत."

शुक्रवारी सकाळी मी लवकर सायकल घेऊन बाहेर पडलो, तर बाई विळा घेऊन वाटेवर वाढलेली काटेरी झुडपं तोडत होत्या. एकट्याच. मला बघून चपापल्या नाहीत, उलट विळ्यानेच 'पुढे जा' अशी खूण केली. मी पुढे गेलो. वाट सुरेख होती, हे कबूल करायला पाहिजे. दोन्ही बाजूंना शेवाळलेल्या दगडांचे बांध, वर फांद्यांचं छत, खाली बारीक खडी. दुसऱ्या टोकाला, आदल्या दिवशी लक्षात न आलेला, एक लाकडी खांब होता. त्यावर चार खिळे होते आणि खिळ्यांत पिवळ्या कागदाचे तुकडे अडकलेले. कागद नवा होता, खिळेही गंजलेले नव्हते. म्हणजे इथे एक सरकारी पाटी होती आणि कुणीतरी ती नुकतीच फाडली होती. 'प्रवेश बंद'शिवाय दुसरं काय असणार? आणि फाडणार कोण? जिला माणसं या वाटेने न्यायची आहेत तीच. मी त्या खांबाचा फोटो घेऊन ठेवला.

दुपारी सहा डच सायकलवाले आले. त्यांनाही फोटो, त्यांनाही वही. ते हसत हसत सह्या करून मोकळे झाले. बाईंनी त्यांना कॉफी पाजली आणि मुग्धा हसून म्हणाली, "जातानाही याच वाटेनं जा म्हणतात, चाकांचे ठसे उमटू देत." ते बिचारे गेले, त्यांच्यामागून आम्हीही एक फेरी मारून आलो.

परत येतो तर शेजारच्या शेतातला रेमों नावाचा माणूस ट्रॅक्टर आडवा घालून उभा. पन्नाशीचा, लालबुंद चेहऱ्याचा. वाटेच्या दोन्ही बाजूंची शेतं त्याचीच. तो आमच्या सायकलींकडे बोट करकरून बाईंवर ओरडत होता आणि बाई हाताची घडी घालून ऐकत होत्या.

"काय म्हणतोय?"

"इंजिन चालू आहे, नीट ऐकू येत नाही. 'ही माणसं तू मुद्दाम आणतेस' म्हणतोय. आणि 'माझ्या शेतातून' असं काहीतरी."

"बघ! पाणी कुठे मुरतंय ते आता कळलं. जमीन त्याची आहे, ही बाई परक्या लोकांना त्यात घुसवते आणि लिहूनही घेते. उद्या प्रकरण पोलिसांत गेलं की ती म्हणणार, मी नाही, हे गेले, ह्या बघा सह्या. नाव, गाव, वेळ, सगळं तुझ्या अक्षरात. परवान्याच्या वेळी ते कागद कुणी पुढे केले म्हणजे?"

"ही सार्वजनिक वाट आहे बाबा. नकाशात आहे."

"नकाशात तर आमच्या गल्लीतली बागही आहे. तिथे आता तीन मजली इमारत उभी आहे."

मुग्धा वैतागली. "तुम्ही चार दिवस सुट्टीवर आलाय, तपासणीवर नाही," असं म्हणून ती बाईंबरोबर गावात पाव आणायला निघून गेली. जाताना दोघी कशावरून तरी हसत होत्या. मी अंगणात एकटाच बसलो.

साडेचारच्या सुमाराला एक लहान पांढरी मोटार आली. त्यातून करड्या जाकिटातला एक गृहस्थ उतरला, बगलेत फाइल. त्याने वाटेच्या तोंडाशी जाऊन वाकून जमीन पाहिली, दगडाचा फोटो घेतला, टायरच्या ठशांवर पट्टी ठेवून मोजमाप घेतलं. ते बघून मी ओळखलं. मी आयुष्यभर जे केलं तेच हा करत होता. चौकशी अधिकारी.

तो माझ्याकडे आला, नाव सांगितलं, गळ्यातलं ओळखपत्र दाखवलं आणि इंग्रजीत म्हणाला, "या वाटेबद्दल माझ्याकडे प्रकरण आलं आहे. लोक इथून जातात का, एवढंच मला समजून घ्यायचं आहे. आपण इथे पाहुणे?"

"हो. मुलीबरोबर आलोय."

"सायकली आपल्या? मग आपण या वाटेने आलात?"

त्याचा आवाज अगदी साधा होता. साध्या आवाजातले प्रश्नच सगळ्यांत घातक असतात, हे मला माहीत होतं.

"नाही," मी म्हणालो. "आम्ही डांबरी रस्त्याने आलो."

"आपली मुलगी?"

"तीही. या वाटेवर आम्ही पाऊल ठेवलेलं नाही."

"दुसरं कुणी जाताना दिसलं? चालणारे, सायकलवाले?"

ते सहा डच माझ्या डोळ्यांसमोरून गेले. पण त्यांचं नाव घेतलं असतं तर वहीचा विषय निघाला असता, आणि वहीत मुग्धाची सही होती.

"कालपासून इथे आहे मी. कुणीही गेलेलं नाही."

"हे ठसे?"

"रेमोंच्या माणसांचे असतील. मला माहीत नाही."

त्याने सगळं लिहून घेतलं. माझा व्यवसाय विचारला. मी तो जरा छाती पुढे काढूनच सांगितला. तो अदबीने म्हणाला, "म्हणजे आपण एकाच धंद्यातले." त्याने लिहिलेलं इंग्रजीत वाचून दाखवलं आणि विचारलं, "सही कराल का?" मी केली. या वेळी खरीखुरी, रोजची, बँकेत चालते ती.

तो गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. बाईंचा एप्रन दाराला टांगलेला होता. वही खिशातच होती. आमचं पान शोधलं. त्यावर आमच्या दोघांच्या सह्यांखाली डच लोकांच्या सहा सह्या होत्या. पान शिवणीजवळून अलगद फाडलं, घडी घालून पाकिटात ठेवलं, वही जागेवर ठेवली. असं वाटलं की पोरीसाठी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच काहीतरी उपयोगाचं केलं.

शनिवारी सकाळी आठला आम्ही निघालो. मुग्धाला संध्याकाळी ल्योंमध्ये कुणालातरी भेटायचं होतं. ओदीलबाईंनी दोन्ही गालांना गाल लावून तिचा निरोप घेतला, माझा हात हातात घेऊन जोराने हलवला आणि वही एका प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून आपल्या मोटारीत ठेवली. बाई ग्रामपालिकेत निघाल्या होत्या. स्टेशनवर मी ते पान बारीक बारीक फाडलं आणि तिथल्या शिस्तीप्रमाणे कागदाच्या वेगळ्या डब्यात टाकलं.

गाडीत साडेबाराला मुग्धाचा फोन वाजला. ती लांबलचक संदेश वाचत गेली आणि तिचा चेहरा उजळला.

"बाबा, ऐका. बारा वाजले म्हणून ओदीलनं सगळं लिहिलंय. ती वाट गावाची आहे. पण इथे असा कायदा आहे की गावच्या वाटेनं लोकांनी जाणं बंद केलं, की ग्रामपालिका ती विकू शकते. रेमोंला दोन शेतं एक करायचीत, म्हणून त्याला ती विकत हवीय. महिनाभर सरकारी चौकशी होती, आज दुपारी बाराला संपली. चौकशीची नोटीस खांबावर लावली होती, ती पण कुणीतरी फाडली. ओदील दोन वर्षं त्या वहीत नोंदी ठेवतेय. जो जाईल त्याचा फोटो, वेळ, सही. आणि कुणाला आधी कारण सांगायचं नाही, कारण रेमोंनं आरोप केला होता की ती लोकांना पढवते. चारशेबारा माणसं झाली, बाबा! आज वही देऊन आली."

मी खिडकीबाहेर बघत होतो.

"काय झालं?"

"काही नाही. चांगलं झालं."

"बघा, उगाच संशय घेत होतात," ती म्हणाली आणि माझ्या दंडाला चापट मारली.

तेव्हा सांगायला हवं होतं. दुपारी बाराची मुदत टळली आहे, आता सांगून काय उपयोग, असं मी स्वतःला समजावलं. चारशेबारांत आठ सह्या गेल्या तर काय बिघडतं, असंही समजावलं. पण मला भीती वाटत होती ती मुग्धाच्या डोळ्यांची. पुढचे चार आठवडे मी तिच्या घरी राहिलो, भाजी आणली, सायकलींना तेल घातलं, तिच्या जाहिरातीसाठी फोटो निवडून दिले आणि रोज सांगायचं टाळलं. ती गिरणीच्या वाटेचेच फोटो सगळ्यांत वर लावत होती.

माझ्या विमानाच्या आदल्या दिवशी दुपारी ओदीलबाईंनी चौकशीचा अहवाल पाठवला. सोबत एकच ओळ होती, 'वाट गेली.'

मुग्धा जेवणाच्या टेबलाशी बसून वाचत होती. मग म्हणाली, "वाट विकायला मंजुरी दिलीय. जूनची सहल रद्द करावी लागेल." ती पुन्हा वरून वाचू लागली. "पण का? चारशेबारा माणसं होती."

"जाऊ दे. वाचू नकोस आता," मी म्हणालो.

"नाही, कारण तर कळू दे." ती पुढे वाचत, मला मराठीत सांगत गेली. "'सादर केलेल्या वहीतील एक पान फाडलेले आढळले. त्याबाबत हरकतदारास कोणताही खुलासा देता आला नाही. नोंदींमध्ये फेरफार झाल्याची शक्यता नाकारता येत नसल्याने संपूर्ण वही पुरावा म्हणून ग्राह्य धरलेली नाही.'"

मी स्वतः अशाच शब्दांत कितीतरी दावे फेटाळले होते. फाटलेलं पान दिसलं की मी पुढची वही वाचतसुद्धा नसे.

"'प्रत्यक्ष पाहणीच्या वेळी हरकतदाराच्याच घरी उतरलेल्या एका पाहुण्याने लेखी निवेदन दिले, की आपण व आपली मुलगी डांबरी रस्त्याने आलो, वाटेवर पाऊल ठेवले नाही, आणि दोन दिवसांत तेथून कुणीही गेले नाही. हे गृहस्थ व्यवसायाने विम्याचे अनुभवी तपासनीस असून त्यांचा या वादात कोणताही हितसंबंध नाही, म्हणून त्यांचे निवेदन विशेष विश्वासार्ह...'"

ती थांबली. पुढचं वाक्य तिने वाचलं नाही. त्यात माझं नाव असणार. तिने मान वर केली, तेव्हा मी टेबलाकडे बघत होतो.

"पानसुद्धा तुम्हीच?"

"तुझ्या परवान्यासाठी केलं गं. मला वाटलं, तुझ्यावर पोलीस केस..."

"तुम्ही मला विचारलं का नाही?"

एकतीस वर्षांत मी शेकडो माणसांना प्रश्न विचारले, आणि घरच्या माणसाला एक साधा प्रश्न विचारायचं मला सुचलं नव्हतं. मला अतिशय लाज वाटली.

मुग्धाने तिथेच माझ्यासमोर ओदीलबाईंना फोन लावला. काहीही न लपवता सांगत असावी, कारण मध्ये मध्ये माझ्याकडे बोट करत होती. मग बाई बोलू लागल्या, आणि हळूहळू मुग्धाचा चेहरा बदलला. तिने फोनवर हात ठेवला.

"ती रागावलेली नाही. ती म्हणतेय, कोर्टात जायला अजून दोन महिने आहेत. तुमचं निवेदन तुम्ही लिहून मागे घ्यायचं, आणि ते पान द्यायचं. पान वहीच्या शिवणीला जुळलं, तर वही पुन्हा खरी ठरते, असं तिचा वकील म्हणतो. वही वाचली तर वाट वाचेल." तिच्या डोळ्यांत आता पाणी आणि आशा दोन्ही होतं. "बाबा, तुम्ही तर घरी जुन्या बसची तिकिटंसुद्धा जपून ठेवता. पान आहे ना?"

पलीकडे बाई थांबल्या होत्या.

"नाही," मी म्हणालो.

मुग्धाने फोन पुन्हा कानाला लावला आणि एकच शब्द बोलली. तो मलाही कळत होता. मग थोडा वेळ ऐकून तिने फोन ठेवला.

"काय म्हणाल्या?"

"विचारलं, तुमचं विमान किती वाजता आहे. सुखरूप पोचा म्हणाल्या."